लिनक्स ड्रायव्हर लिहिताना कोणतं साधन कधी वापरायचं

२००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्स कर्नलचा कोड कंपायलरच्या आधारे तपासला. काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये उरलेल्या कर्नलच्या तिप्पट ते सातपट निघालं. ड्रायव्हर लिहिणारे कमी हुशार असतात असा याचा अर्थ नाही. ड्रायव्हरचा कोड कर्नलच्या पूर्ण अधिकारात चालतो, समोरचं हार्डवेअर कागदावर लिहिल्याप्रमाणेच वागेल याची खात्री नसते आणि चूक झाली तर ती भलत्याच ठिकाणी, बऱ्याच वेळाने उगवते. अशा कामात डोळ्यांत तेल घालून कोड वाचणं पुरत नाही. चुका पकडणारी साधनं ड्रायव्हरची पहिली ओळ लिहिण्याआधीच मांडून ठेवावी लागतात, आणि प्रत्येक साधनाला काय दिसत नाही हेही माहीत असावं लागतं. माझ्या मते यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

तुम्हाला सी येतं आणि कर्नल मॉड्यूल म्हणजे काय हे ठाऊक आहे असं इथे धरलं आहे. उदाहरण पीसीआय कार्डाचं घेतो, पण क्रम यूएसबी किंवा आयटूसी, एसपीआय (बोर्डावरच्या चिपना जोडणारे मार्ग) अशा कुठल्याही उपकरणाला लागू पडतो.

पायरी १: ड्रायव्हर कर्नलमध्ये हवाच का, ते ठरवा

हा प्रश्न टाळू नका. यूएसबी उपकरणाशी लिबयूएसबी वापरून साध्या प्रोग्रॅममधून बोलता येतं. आयटूसी आणि एसपीआयसाठी ‘आयटूसी-डेव्ह’ व ‘एसपीआयडेव्ह’ आहेत, कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांसाठी ‘एचआयडीरॉ’, आणि पीसीआयसाठी ‘यूआयओ’ व ‘व्हीएफआयओ’. उपकरण एकच प्रोग्रॅम वापरणार असेल आणि त्याला कर्नलच्या नेटवर्क, डिस्क किंवा ध्वनी यंत्रणेत बसायचं नसेल, तर या मार्गाने काम भागतं. प्रोग्रॅम कोसळला तर फक्त प्रोग्रॅम कोसळतो. अ‍ॅपलने २०१९ मध्ये मॅकओएससाठी आणलेल्या ड्रायव्हरकिटमागेही हाच विचार आहे: ड्रायव्हर कर्नलबाहेर काढा.

शेवटी कर्नल ड्रायव्हरच लिहायचा असला तरी पहिला नमुना बाहेरून लिहावा. रजिस्टरांचा (उपकरणावरच्या छोट्या नियंत्रण-खान्यांचा) क्रम, वेळा, माहितीपत्रकातल्या चुका हे सगळं मशीन पुन्हा पुन्हा सुरू न करता कळतं. मग कर्नलमध्ये शिरताना एकच अनोळखी गोष्ट उरते: कर्नल.

पायरी २: उपकरण आधी नीट पाहा

पीसीआयसाठी ‘एलएसपीसीआय -एनएन -व्हीव्हीव्ही’ चालवा. उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक, मेमरीचे पट्टे, इंटरप्टची (उपकरणाने प्रोसेसरचं लक्ष वेधण्याच्या खुणेची) सोय, सध्या कोणता ड्रायव्हर जोडलेला आहे हे सगळं तिथे दिसतं. यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी -व्ही’. आयटूसीसाठी ‘आयटूसीडिटेक्ट’, पण जरा जपून. ते प्रत्येक पत्त्यावर टकटक करून पाहतं आणि काही चिप अशा टकटकीनेच गोंधळतात. बोर्डावर काय बसवलं आहे हे माहीत नसेल तर ते आंधळेपणाने चालवू नये.

उपकरणाचं माहितीपत्रक मिळत नसेल आणि दुसरा चालणारा ड्रायव्हर हाताशी असेल, तर त्याचं संभाषण ऐकता येतं. यूएसबीचं बोलणं कर्नलमधलं ‘यूएसबीमॉन’ टिपतं आणि वायरशार्क ते उलगडून दाखवतं. पीसीआय कार्डासाठी ‘एमएमआयओट्रेस’ आहे. प्रत्येक रजिस्टर वाचल्या-लिहिल्याची नोंद ते ठेवतं. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्या नूव्हो प्रकल्पातून ते आलं आणि २००८ च्या २.६.२७ आवृत्तीत कर्नलमध्ये दाखल झालं.

पायरी ३: नकली कार्डावर सुरुवात करा

क्यूएमू या एम्युलेटरमध्ये ‘एडू’ नावाचं एक पीसीआय कार्ड आहे. शिकण्यासाठीच बनवलेलं. आदेशात ‘-डिव्हाइस एडू’ जोडलं की व्हर्च्युअल मशीनमध्ये १२३४:११ई८ या क्रमांकाचं उपकरण दिसू लागतं. त्याला १ एमबीचा मेमरी पट्टा आहे आणि रजिस्टरं अशी (पत्ते हेक्समध्ये): ०४ वर काही लिहून परत वाचलं की प्रत्येक बिट उलटा होऊन येतो, म्हणजे कार्ड जिवंत आहे. ०८ वर संख्या लिहिली की तिचं फॅक्टोरियल काढलं जातं. २० हे स्थितीचं रजिस्टर. २४ वर इंटरप्टचं कारण, आणि ६४ वर तेच कारण लिहून इंटरप्ट मिटवायचा. ८० पासून पुढे डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं. एका छोट्या कार्डात ड्रायव्हरचे सगळे मूलभूत विषय आले आहेत. ड्रायव्हर शिकवण्यासाठी याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

मशीन उभं करायला ‘व्हर्टमी-एनजी’ वापरा. तुमच्याच संगणकाची फाइल सिस्टीम ते पाहुण्या कर्नलला दाखवतं, त्यामुळे वेगळी डिस्क इमेज बनवत बसावं लागत नाही. कोड बदलला, कर्नल बांधला, सुरू केला, कोसळला, पुन्हा सुरू केला: ही फेरी काही सेकंदांत व्हायला हवी. ती लांबली की माणूस कमी वेळा तपासतो, आणि कमी तपासण्याची किंमत पुढे मोजावी लागते.

इथे एक बारकावा आहे. एडूचा डीएमए पत्ता मुळात २८ बिटांचा, म्हणजे २५६ एमबीपर्यंतच पोचतो. ड्रायव्हरने हे कर्नलला सांगायचं असतं, नाहीतर कर्नल ३२ बिट धरून चालतो. तुम्ही व्हर्च्युअल मशीनला २५६ एमबीच मेमरी दिलीत तर हे सांगायला विसरल्याचं कधीच कळणार नाही, कारण सगळे पत्ते आपोआप मर्यादेत राहतील. म्हणून २ जीबी द्या. तपासणीचं मशीन नेहमी चूक उघडी पडेल असंच बेतावं.

पायरी ४: तपासणीचा कर्नल बांधा

वितरणाबरोबर येणारा कर्नल वेगासाठी बांधलेला असतो. त्यावर तुमचा ड्रायव्हर चालला यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. स्वतःचा कर्नल बांधा आणि त्यात पुढच्या गोष्टी चालू करा.

सर्वांत आधी केसॅन. मुक्त केलेली मेमरी वापरणं आणि मर्यादेबाहेर वाचणं-लिहिणं ते घडल्या क्षणी पकडतं. दर आठ बाइटांमागे एक बाइट सावलीसारखा राखून ते हिशेब ठेवतं, म्हणून साधारण एक अष्टमांश मेमरी त्यात जाते. त्याच्या अहवालात मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि नंतर कुणी तिला हात लावला, या तिन्ही ठिकाणांचे स्टॅक असतात. पण केसॅनची तपासणी कंपायलरने कोडमध्ये पेरलेली असते, त्यामुळे त्याला फक्त प्रोसेसरने केलेले व्यवहार दिसतात. कार्डाने डीएमएने चुकीच्या जागी लिहिलं तर केसॅनला त्याचा पत्ताही लागत नाही.

ती बाजू ‘डीएमए_एपीआय_डीबग’ सांभाळतं. मॅपिंग (कार्डाला डीएमएसाठी मेमरी नेमून देणं) घेताना एक आकार आणि सोडताना दुसरा, दिशा उलटी, मॅपिंग फसलं का हे न तपासणं, ड्रायव्हर निघून गेल्यावरही मॅपिंग शिल्लक राहणं अशा चुका ते दाखवतं. तरी ते फक्त तुमच्या ड्रायव्हरने कर्नलला काय सांगितलं हे पाहतं. कार्डाने प्रत्यक्षात कुठे लिहिलं हे पाहायला आयओएमएमयू लागतं, म्हणजे कार्डाचे मेमरी पत्ते बदलून देणारा आणि तपासणारा हार्डवेअरचा भाग. क्यूएमूमध्ये क्यू३५ मशीन घेऊन ‘इंटेल-आयओएमएमयू’ जोडा, कर्नलला ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन’ आणि ‘आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१’ द्या. मग मॅपिंग सोडल्यानंतर कार्डाने त्या जागेला हात लावला तर लगेच दोषाची नोंद उमटते. २८ बिटांच्या मर्यादेची चाचणी मात्र आयओएमएमयूशिवायही एकदा करा, कारण आयओएमएमयू असताना कार्डाला मिळणारे पत्ते वेगळे असतात.

दुसरं मोठं साधन लॉकडेप, ज्याचा पर्याय ‘प्रूव्ह_लॉकिंग’ या नावाने सापडेल. २००६ पासून ते कर्नलमध्ये आहे. त्याची खरी ताकद ही की डेडलॉक (दोघांनी एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचं अडकणं) प्रत्यक्ष घडावा लागत नाही. आज एका मार्गाने लॉक अ नंतर लॉक ब घेतलं गेलं आणि तासाभराने दुसऱ्या मार्गाने ब नंतर अ घेतलं गेलं, एवढ्यावर ते तक्रार करतं. इंटरप्टमध्ये घेतलं जाणारं लॉक बाहेर इंटरप्ट बंद न करता घेतलं तरीही सांगतं. मात्र जो मार्ग चाललाच नाही त्याबद्दल ते मूक असतं. शिवाय पहिली तक्रार केल्यावर लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं. म्हणून पहिली चूक दुरुस्त झाल्याशिवाय ‘आता काही तक्रार नाही’ याला अर्थ नाही, मग ती पहिली तक्रार दुसऱ्याच कुणाच्या ड्रायव्हरची का असेना.

‘डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप’ स्पिनलॉक (वाट पाहताना न झोपता फिरत राहणारं लॉक) धरून किंवा इंटरप्टमध्ये झोपू शकणारं फंक्शन बोलावलं की ओरडतं. ‘केमेमलीक’ गळती शोधतं, पण अधूनमधून खोटी तक्रारही करतं. ‘डीबग_एसएचआयआरक्यू’ सामायिक इंटरप्ट सोडताना मुद्दाम एक फसवा इंटरप्ट पाठवतं, त्यामुळे आधी मेमरी सोडून मग इंटरप्ट सोडणारा ड्रायव्हर तिथल्या तिथे उघडा पडतो. आणि ‘डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह’ प्रत्येक ड्रायव्हरला जोडतं, काढतं, पुन्हा जोडतं. काढण्याचा कोड क्वचितच चालतो, म्हणून चुका तिथेच साठतात. हा पर्याय सगळ्याच ड्रायव्हरांना लागू होतो आणि त्यात दुसरेही कोसळू शकतात. तरीही व्हर्च्युअल मशीनमध्ये तो वापरावाच.

दोन प्रोसेसर एकाच चलाला एकाच वेळी हात लावतात का (याला ‘शर्यत’ म्हणतात) हे केसीसॅन शोधतं. ते केसॅनबरोबर चालत नाही, म्हणून दोन वेगळे कर्नल बांधून ठेवा. आणि व्हर्च्युअल मशीनला किमान चार प्रोसेसर द्या, एकावर शर्यत दिसायची नाही.

पायरी ५: लिहिताना

मोठा ड्रायव्हर एकदम लिहू नका. आधी फक्त प्रोब, म्हणजे उपकरण सापडल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन: उपकरण सुरू करा, मेमरी पट्टा मॅप करा, ०४ वर लिहून उलटे बिट येतात का पाहा. मग फॅक्टोरियल, स्थिती पुन्हा पुन्हा वाचून. वाट पाहण्याचं चक्र हाताने लिहू नका, ‘रीडएल_पोल_टाइमआउट’ आहे. हाताने लिहिलेल्या चक्रात वेळमर्यादा विसरली जाते आणि बिघडलेलं कार्ड अख्खं मशीन अडकवून ठेवतं.

मग इंटरप्ट. एडूमध्ये २४ वाचा. शून्य आलं तर ‘आयआरक्यू_नन’ परत करा, नाहीतर तेच मूल्य ६४ वर लिहून ‘आयआरक्यू_हँडल्ड’. कारण न पाहता सरळ ‘हँडल्ड’ परत करायची सवय फार दिसते आणि ती घातक आहे. एका लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक कुणीच आपले मानले नाहीत तर कर्नल ती लाइन बंद करून मशीन वाचवतो. तुम्ही खोटं ‘हँडल्ड’ सांगितलंत की हे संरक्षण संपतं.

मेमरी, मॅपिंग, इंटरप्ट घेताना ‘डेव्हएम_’ आणि ‘पीसीआयएम_’ ने सुरू होणारी फंक्शनं वापरा. ड्रायव्हर सुटताना ती घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने परत करतात. आयटूसी-एसपीआय उपकरणांसाठी ‘रेगमॅप’ ही रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची तयार सोय घ्या. २०११ पासून ते कर्नलमध्ये आहे आणि रजिस्टरांची मूल्यं डीबगएफएसमधून (तपासणीसाठीच्या खास फाइलींमधून) विनासायास दाखवतं. वाचल्यानेच पुसली जाणारी रजिस्टरं त्यात ‘प्रेशस’ म्हणून नोंदवा, नाहीतर नुसतं पाहायला गेलात आणि इंटरप्टचं कारण हरवलं असं होईल.

प्रत्येक बांधणीत स्पार्स हे कोड न चालवता तपासणारं साधन चालवा: ‘मेक सी=१’. बदललेल्याच फाइली तपासल्या जातात, वेळ लागत नाही. लिनस टॉरवाल्ड्सने २००३ मध्ये हे लिहायला घेतलं. साधा सी कंपायलर सगळ्या पॉइंटरांना एकाच मापाने मोजतो. स्पार्स मात्र उपकरणाची मेमरी, वापरकर्त्याची मेमरी आणि कर्नलची मेमरी वेगळी ओळखतं, आणि बाइटांचा क्रम ठरलेले प्रकार मिसळले तर हटकतं. ही शेवटची चूक नेहमीच्या संगणकावर कितीही चाचण्या केल्या तरी दिसत नाही, कारण तिथे दोन्ही क्रम सारखेच असतात. त्यासोबत त्याच जातीची स्मॅच आणि ‘मेक कॉक्सीचेक’ अधूनमधून चालवा, रोज गरज नाही.

रस्टचा आधार कर्नलमध्ये ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून आहे. सुरक्षित रस्टमध्ये मुक्त मेमरी वापरण्यासारख्या चुका कंपायलरच अडवतो. पण माहितीपत्रकात ६४ वर लिहायला सांगितलं आहे आणि तुम्ही ६० वर लिहिलंत, हे त्याला कळणार नाही.

पायरी ६: मुद्दाम अपयश घडवा

प्रोबमध्ये दहा गोष्टी घ्यायच्या असतात आणि सातवी मिळाली नाही तर आधीच्या सहा परत करायच्या असतात. प्रत्यक्षात सातवी नेहमीच मिळते, म्हणून तो कोड कधीच चालत नाही. ‘फेलस्लॅब’ मेमरीची मागणी ठरवून नाकारतं. त्याचा सर्वांत उपयोगी भाग ‘फेल-एनटीएच’: प्रक्रियेच्या प्रोक फाइलमध्ये १ लिहा, पुढची पहिली मागणी फसेल. २ लिहा, दुसरी. असं वाढवत जा. फाइल परत वाचल्यावर शून्य आलं तर अपयश घडलं, धन संख्या आली तर तितक्या मागण्या झाल्याच नाहीत, म्हणजे तुमचे सगळे मार्ग संपले.

दोन गोष्टी सांभाळा. फेलस्लॅबच्या फोल्डरमधली ‘इग्नोर-जीएफपी-वेट’ मुळात ‘वाय’ असते. ती ‘एन’ केल्याशिवाय प्रोबमधल्या नेहमीच्या, झोपू शकणाऱ्या मागण्यांना हात लागत नाही, आणि ‘सगळं ठीक’ असा खोटा दिलासा मिळतो. दुसरं, हे शेलमधून न करता छोट्या प्रोग्रॅममधून करा: आधी ‘बाइंड’ (ड्रायव्हर उपकरणाला जोडणारी) फाइल उघडून ठेवा, मग आकडा लिहा, मग बाइंड करा. शेलमध्ये फाइल उघडण्याच्याच मागण्या मोजल्या जातात.

केसॅन, केमेमलीक आणि हे चक्र एकत्र चालवलं की प्रोबमधल्या बहुतेक चुका दिवसाअखेर हाती येतात. सगळ्या पायऱ्यांतली एकच निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी ड्रायव्हर व्हेरिफायर हेच करतं, मेमरी तुटवड्याचं सोंग धरून. चूक दिसली की ते मुद्दाम मशीन पाडतं, म्हणून तिथेही चाचणीचं मशीन वेगळंच हवं.

पायरी ७: आत काय चाललं आहे ते पाहणं

छापील संदेश पेरण्यासाठी ‘डेव्ह_डीबीजी’ वापरा आणि डायनॅमिक डीबगने हवे तेव्हाच चालू करा: नियंत्रण फाइलमध्ये ‘मॉड्यूल’, नाव आणि ‘+पी’. इंटरप्टमध्ये मात्र छापू नका. सिरीयल कन्सोलवर एक ओळ जाईपर्यंत वेळांचं गणित बदलतं आणि जी चूक शोधताय तीच गायब होते. तिथे ‘ट्रेस_प्रिंटके’ बरं, ते मेमरीतल्या चक्राकार साठ्यात लिहितं. काम झालं की ते काढून टाका. त्याच्यामुळे कर्नल सुरू होताना मोठी चौकट छापून बजावतो की हा कर्नल तपासणीचा आहे.

कोड न बदलता पाहायचं असेल तर एफट्रेस. ‘ट्रेस-सीएमडी’ ने ‘फंक्शन_ग्राफ’ निवडा आणि तुमच्या प्रोब फंक्शनचं नाव द्या. कोणी कोणाला बोलावलं आणि प्रत्येकाला किती वेळ लागला याचा वृक्ष मिळतो. दुसऱ्याचा ड्रायव्हर समजून घ्यायलाही याच्यासारखं साधन नाही.

कर्नल कोसळला तर स्टॅकमधले हेक्स आकडे हाताने उलगडू नका. कर्नलच्या स्क्रिप्टांमधलं ‘डिकोड_स्टॅकट्रेस’ ते फाइल आणि ओळ क्रमांकात बदलतं. त्यासाठी कर्नल डीबग माहितीसह बांधलेला हवा. अनेक ओरडे एकामागोमाग आले असतील तर पहिला वाचा, नंतरचे बहुधा त्याचे परिणाम असतात. पायरीपायरीने चालवायचं असेल तर क्यूएमूला ‘-एस’ (लहान अक्षरातलं) देऊन जीडीबी १२३४ पोर्टवर जोडा आणि कर्नलला ‘नोकेएएसएलआर’ द्या, नाहीतर पत्ते जुळत नाहीत.

पायरी ८: खऱ्या हार्डवेअरवर

नकली कार्ड काही गोष्टी शिकवूच शकत नाही. खऱ्या पीसीआयवर लिहिलेलं मूल्य वाटेतल्या साठ्यात थांबू शकतं. ‘राइटएल’ परतलं म्हणजे कार्डापर्यंत पोचलं असं नाही. पोचल्याची खात्री हवी असेल तर त्याच कार्डावरून काहीतरी वाचावं लागतं. आर्म प्रोसेसरवर मेमरीतल्या नोंदींचा क्रम बदलू शकतो, म्हणून डीएमएची वर्णनं लिहून झाल्यावर आणि कार्डाला ‘घे’ म्हणण्याआधी योग्य अडसर (क्रम पाळायला लावणारा आदेश) लागतो. एक्स८६ वर हा अडसर विसरला तरी बहुधा निभावतं, म्हणून दुसऱ्या जातीच्या मशीनवर तपासल्याशिवाय ड्रायव्हर झाला असं म्हणू नये.

खऱ्या कार्डावरून वाचल्यावर सगळे बिट १ आले तर आधी कार्ड झोपलं आहे का, निघालं आहे का, हे पाहा. ते मूल्य स्थिती समजून चालणाऱ्या ड्रायव्हरला सगळे इंटरप्ट एकदम आल्याचा भास होतो. प्रत्येक वाचनानंतर ही शक्यता हाताळता आली नाही तरी इंटरप्टमध्ये हाताळाच.

मशीन पूर्ण गोठलं तर शेवटचे संदेश कुठे मिळतील याची सोय आधी करा: सिरीयल कन्सोल असेल तर उत्तम, नाहीतर नेटकन्सोल, आणि छोट्या बोर्डांवर ‘रॅमूप्स’, जे पुन्हा सुरू झाल्यावरही मेमरीतला भाग राखून ठेवतं. आयटूसी किंवा एसपीआयवर शंका असेल तर तारांवरच पाहा. साधा लॉजिक अ‍ॅनालायझर आणि सिगरॉकचं पल्सव्ह्यू एवढं पुरतं. ड्रायव्हरने काय पाठवायला सांगितलं आणि तारेवर काय गेलं, यातला फरक सॉफ्टवेअरमधलं कुठलंही साधन दाखवू शकत नाही.

पायरी ९: कर्नलच्या देखभालकर्त्यांना पाठवण्याआधी

‘चेकपॅच’ ‘--स्ट्रिक्ट’ सह चालवा. ते मांडणी पाहतं, बरोबर-चूक नाही, त्यामुळे त्याच्या प्रत्येक सूचनेपुढे मान तुकवण्याची गरज नाही. डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय बसवलं आहे याचं कर्नलसाठीचं वर्णन) वापरत असाल तर ‘मेक डीटी_बाइंडिंग_चेक’ अनिवार्य समजा. ‘गेट_मेंटेनर’ कुणाला पाठवायचं ते सांगतं आणि ‘बी४’ पॅचची मालिका बांधून पाठवतं. पॅचसोबतच्या पत्रात कोणत्या कर्नलवर, कोणते तपासणी पर्याय चालू ठेवून, कोणत्या हार्डवेअरवर चाचणी केली ते लिहा. देखभाल करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो.